डिप दहा मिनिटांचं, क्वारंटीन सहा आठवड्यांचं: नवीन कोरल टँकमध्ये सोडण्याआधी काय काय करायचं

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयासाठी नवीन फ्रॅग, म्हणजे कोरलचा कापलेला छोटा तुकडा आणला, पिशवी पाण्यावर तरंगवली, डिपमध्ये, म्हणजे किडे मारायच्या औषधाच्या पाण्यात, दहा मिनिटं बुडवला आणि सरळ मोठ्या टँकमध्ये दगडावर चिकटवून टाकला. बहुतेक जण हेच करतात आणि बऱ्याचदा काही होतही नाही, म्हणूनच ही सवय सुटत नाही. पण जेव्हा होतं ना तेव्हा ते दोन-तीन महिन्यांनी कळतं. ॲक्रोपोराचा (फांद्यांचं दगडी कोरल) रंग उडायला लागतो, मोंटिपोराच्या (हेही दगडी कोरल) कडा पांढऱ्या पडतात, झोआ (फुलांसारखे दिसणारे मऊ कोरल) उघडायचेच बंद होतात, आणि आपण बसतो अल्कलिनिटी, फॉस्फेट, लाइट तपासत, कारण मधे एक फ्रॅग आणला होता हे आता डोक्यातही नसतं.

एक गोष्ट आधी समजून घ्या, मग पुढचं सगळं आपोआप पटेल. डिपने मरतात किंवा गुंगी येऊन गळून पडतात ते फक्त हलणारे-फिरणारे किडे. फ्लॅटवर्मची (चपटे किडे) अंडी मरत नाहीत, न्यूडिब्रँकची (बिनशंखाची समुद्री गोगलगाय) अंडी मरत नाहीत, एप्टेझिया (तणासारखा पसरणारा छोटा ॲनिमोन) थोडा आक्रसतो आणि दुसऱ्या दिवशी परत फुलतो, वर्मेटिड गोगलगाय नळीत आत सरकून आरामात बसते, बबल अल्गीला (फुग्यांसारखं शेवाळ) ढिम्म फरक पडत नाही, आणि माशांच्या इक या परजीवी रोगाचे जे कवचात बसलेले सिस्ट प्लगला (फ्रॅग ज्यावर चिकटवलेला असतो ती छोटी चकती) चिकटलेले असतात त्यांना तर डिप आल्याचं कळतही नाही. म्हणजे डिप करायचंच, पण ते पहिलं काम आहे, शेवटचं नाही. खरा इलाज दोनच, खालचा प्लग काढून फेकणे आणि वेगळ्या टाकीत वाट बघणे. दोन्ही कंटाळवाणे आहेत, म्हणून लोक बाटल्या विकत घेतात.

मी न्यू जर्सीत राहतो त्यामुळे खाली जी नावं येतील ती इकडच्या बाजारातली आहेत, दुबईत, जर्मनीत किंवा ऑस्ट्रेलियात असाल तर साधारण हेच मिळतं. भारतात असाल तर डिपच्याही आधीचा मुद्दा कायद्याचा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सगळे दगडी कोरल, म्हणजे ॲक्रोपोरा, मोंटिपोरा, टॉर्च, हॅमर वगैरे, शिवाय काळं कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि सगळे सी फॅन येतात, ते समुद्रातून काढणं आणि त्यांचा व्यापार दोन्ही गुन्हा आहे. झोआ, मशरूम, लेदर ही मऊ कोरलं या गटांत मोडत नाहीत, तरी दुकानदाराला माल कुठून आला ते विचारा आणि कागद मागा. आणि मालवणला स्नॉर्कलिंगला गेलात, छान दगड दिसला, म्हणून उचलून बॅगेत टाकला, हे तर अजिबात करू नका, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. शिवाय त्या दगडाबरोबर घरात काय काय येईल याची यादी माझ्याकडे मागू नका.

दुकानातच अर्धं काम होतं

फ्रॅग बघायच्या आधी तो ज्या टाकीत ठेवलाय ती टाकी बघा. कोपऱ्यात, ओव्हरफ्लोच्या दातांमध्ये, रॅकच्या खाली तपकिरी पारदर्शक एप्टेझिया दिसला तर तुमच्या फ्रॅगवर त्याचं पिल्लू असणार असंच धरून चाला. रॅकवर बारीक पांढऱ्या नळ्या उभ्या आहेत आणि त्यातून कोळिष्टकासारखे धागे निघालेत, म्हणजे वर्मेटिड. त्याच पाण्यात मासे आहेत का ते विचारा, बऱ्याच दुकानांत कोरलचं आणि माशांचं पाणी एकाच सम्पमधून (खालची फिल्टरची टाकी) फिरतं, तसं असेल तर फ्रॅगबरोबर इक किंवा वेल्व्हेट (माशांचा तसाच दुसरा रोग) येऊ शकतो, कोरल कितीही सुंदर आणि निरोगी दिसलं तरी. टाकीत एखादा टॉर्च किंवा हॅमर तपकिरी शेंबडासारख्या थराने झाकलेला दिसला तर त्या टाकीतलं काहीही घेऊ नका, ती ब्राउन जेली आहे आणि ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना लागते.

फ्रॅग निवडताना तळ बघा. कापलेल्या जागी कातडी परत वाढून प्लगवर पसरायला लागली असेल तर तो फ्रॅग जुना आणि टिकाऊ. फ्रॅग स्वॅपला, म्हणजे हौशी लोकांच्या अदलाबदलीच्या मेळ्यात, एकदम स्वस्त मिळतात ते कित्येकदा सकाळीच कापलेले असतात, घ्या, पण ते आधीच दमलेले असतात म्हणून त्यांना पहिल्याच दिवशी कडक डिप नको. आणि विकणारा म्हणाला "माझ्याकडे कसलेही पेस्ट (कीड) नाहीत" तर तो खोटं बोलतोय असं नाही, त्याला दिसले नसतील एवढंच. ॲक्रोपोराचे रेड बग अर्ध्या मिलिमीटरचे असतात हो, पिवळट अंग आणि एक लाल ठिपका, भिंगाशिवाय कुणाला दिसणार.

क्वारंटीन टाकी, साधी आणि उघडी

दहा गॅलनची, म्हणजे साधारण ३८ लिटरची टाकी पुरते. वाळू नाही, दगड नाही, तळ उघडा. एक हीटर, एक छोटा पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप), मोठ्या टँकच्या सम्पमध्ये महिनाभर ठेवून मुरवलेला एक स्पंज फिल्टर, आणि एगक्रेटच्या जाळीचा रॅक. लाइट बरा पाहिजे, कोरल तिथे सहा आठवडे राहणार आहे आणि डेस्क लॅम्पखाली ॲक्रोपोरा उपाशी मरतो. पाणी २५-२६ अंशांवर, खारटपणा ३५ पीपीटी म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास, अल्कलिनिटी मोठ्या टँकमध्ये जितकी ठेवता तितकीच, म्हणजे नंतर हलवताना झटका बसत नाही.

लोकांचं इथे हमखास बिनसतं ते म्हणजे टाकी फारच स्वच्छ. मासे नाहीत, खाणं पडत नाही, नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर जातात आणि कोरल फिकट पडायला लागतं, वर डायनोंची (डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्मजीव) तपकिरी चिकट जाळी पसरते. मग माणूस म्हणतो क्वारंटीनमध्ये कोरल मरतात. दर आठवड्याला २०-२५ टक्के पाणी बदला आणि ते मोठ्या टँकमधून काढलेलं वापरा, त्यात थोडं पोषण असतंच. पण दिशा एकच, मोठ्या टँककडून क्वारंटीनकडे. उलटं एक थेंबही नाही. चिमटा, जाळी, बास्टर (रबरी फुग्याची मोठी पिचकारी), ब्रश, हातातला टॉवेलसुद्धा वेगळा, त्यावर लाल टेप गुंडाळून ठेवा म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणी मदत करायला घेतली तरी घोळ होत नाही. जमलं तर टाकी दुसऱ्या खोलीत ठेवा, वेल्व्हेटचे जंतू हवेतल्या बारीक तुषारांबरोबर एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जाऊ शकतात हे प्रयोगात दिसलेलं आहे.

आणि एक, माशांच्या औषधपाण्यासाठी वापरलेली जुनी टाकी असेल, ज्यात कधी कॉपर (तांब्याचं औषध) घातलं होतं, तर ती इथे नको. कॉपर कोरलला आणि गोगलगायींना मारतं आणि सिलिकॉनमध्ये, फिल्टरच्या साहित्यात कितपत मुरलंय ते सांगता येत नाही. दहा गॅलनची नवीन टाकी एका बऱ्या फ्रॅगपेक्षा स्वस्त मिळते.

फ्रॅग घरी आला त्या दिवशी

पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं क्वारंटीनच्या पाण्यावर तरंगवा, फक्त तापमान जुळण्यासाठी. ठिबक लावून दोन तास मुरवत बसायची पद्धत कोरलला लागत नाही, उलट कुरियरने आलेल्या पिशवीत अमोनिया साठलेला असतो, पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जास्त विषारी होतो. खारटपणा मोजा, फार फरक नसेल तर फ्रॅग बाहेर काढा आणि पिशवीतलं पाणी सिंकमध्ये. ते पाणी कुठल्याही टाकीत नाही.

आता हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. हे मी झोआ आणि पॅलिथोआसाठी मुद्दाम सांगतोय, पण सगळ्यांसाठीच सवय ठेवा. त्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, ते फार जहरी आहे, कापताना किंवा खरवडताना उडालेला थेंब डोळ्यात गेला किंवा बोटावरच्या जखमेत गेला तर थेट दवाखान्यात जावं लागतं. झोआ असलेला दगड उकळून स्वच्छ करायचा नाही, कधीच नाही, त्या वाफेने अख्खं कुटुंब हॉस्पिटलमध्ये गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. गरम पाणी नाही, कोरडं घासणं नाही, आणि स्वयंपाकाचं भांडं, घरचा चाकू, किचनचा ओटा यातलं काही नाही.

मग तपासणी. पांढऱ्या लाइटखाली, निळ्याखाली नाही, निळ्यात सगळंच सुंदर चमकतं आणि किडा लपतो. भिंग घ्या, दहा पटीचं स्वस्तातलं ज्वेलर भिंग चालतं, किंवा मोबाइलला मॅक्रो लेन्स लावा. ॲक्रोपोरावर फिकट गोल गोल डाग दिसले तर ते फ्लॅटवर्मने खाल्ल्याच्या खुणा. किडा स्वतः दिसत नाही कारण तो पारदर्शक आणि त्याच्या पोटात कोरलचीच कातडी, त्यामुळे रंग हुबेहूब तोच. तो शोधू नका, अंडी शोधा. बुंध्याशी, जिथे जिवंत कातडी संपून उघडा सांगाडा सुरू होतो त्या रेषेजवळ आणि फांद्यांच्या काखेत, सोनेरी-तपकिरी बारीक ठिपक्यांचा पुंजका असतो. मोंटिपोरा असेल तर उलटा करून खालची बाजू बघा, दोन-चार मिलिमीटरचे पांढरे केसाळ न्यूडिब्रँक कडेला बसलेले असतात आणि पांढरी अंडी जवळच. झोआवर न्यूडिब्रँक असेल तर तो ज्या रंगाचे झोआ खातो त्याच रंगाचा दिसतो, म्हणून देठांच्या मधे बॅटरीचा उजेड मारून बघा, आणि चपट्या गोल शंखावर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी असलेली गोगलगाय दिसली तर ती सनडायल, झोआ खाते, काढून टाका.

प्लग फेका

सगळ्यात जास्त फायदा या एका कामाने होतो आणि सगळ्यात कमी लोक हे करतात, कारण पैसे देऊन आणलेल्या वस्तूला पहिल्याच दिवशी बोन कटर लावायला हात धजत नाही. पण विचार करा, अंडी कुठे असतात, उघड्या सांगाड्यावर आणि प्लगवर. एप्टेझिया, वर्मेटिड, बबल अल्गी, ब्रायोप्सिस (पिसांसारखं शेवाळ), हायड्रॉइड (डंख मारणारे बारीक जीव) कुठे असतात, प्लगच्या भोकात आणि देठाला. इकचे सिस्ट कुठे चिकटतात, कडक पृष्ठभागावर. जिवंत कोरलच्या मांसावर यातलं जवळजवळ काहीच बसत नाही. म्हणजे प्लग गेला की निम्मं संकट कचऱ्यात.

ॲक्रोपोरा प्लगवर जिथे पसरलाय त्याच्या थोडं वर बोन कटरने तोडा, खालचा पसरलेला भाग सोडून द्या, लोभ नको, अंड्यांचा अड्डा तोच असतो. मोंटिपोराची प्लेट प्लगवरून बहुतेक वेळा कडेने हलकं उचकटलं की निघते. टॉर्च-हॅमर-फ्रॉगस्पॉनचा देठ प्लगच्या लगत कापा आणि देठावर जुन्या टूथब्रशने घासा, पण मांसापासून लांब राहून, मांसाला ब्रश लागला की ब्राउन जेलीला आयतं दार उघडतं. झोआ सगळ्यात किचकट, ब्लेडने खालची चटई हळूहळू सोलायची, पाण्याखाली धरून, म्हणजे काही उडत नाही. सोललेले झोआ दोन-तीन दिवस तोंड मिटून बसतात, घाबरू नका. मशरूम खरवडून सैल झाला तर त्याला ग्लू लावायच्या भानगडीत पडू नका, बारीक खडे घातलेल्या वाटीत कमी प्रवाहात ठेवा, आपोआप धरतो.

वर्मेटिडची एखादी नळी कोरलच्या इतक्या जवळ असेल की तोडता येत नाही तर तिच्या तोंडावर सुपरग्लू जेलचा थेंब ठेवा. एप्टेझियाचं मूळ उरलं तर तिथेही तेच, पण खात्री देत नाही, तो कडेने परत निघतो.

डिप

पांढरे डबे तीन घ्या, आइस्क्रीमचे रिकामे चालतात, पांढरे यासाठी की खाली काय पडलं ते दिसतं. एकात टाकीचंच पाणी आणि डिप, उरलेल्या दोनांत नुसतं टाकीचं पाणी धुवायला. प्रमाण आणि वेळ बाटलीवर लिहिलेली, "जरा जास्त टाकलं तर बरं" ही आपली फोडणीची सवय इथे चालत नाही. पाणी टँकच्याच तापमानाचं ठेवा आणि डिप चालू असताना बास्टरने फ्रॅगवर सगळीकडून जोरात फवारे मारत राहा. औषधाने किडा फक्त सैल होतो, तो पडतो फवाऱ्याने. नुसतं बुडवून मोबाइल बघत बसलात तर निम्मे किडे तिथेच चिकटून राहतात आणि धुतल्यावर शुद्धीवर येतात.

कुठलं डिप घ्यायचं यावर लोक भांडतात. तेलांवर आधारित जी डिप मिळतात, कोरल आरएक्स, रिव्हाइव्ह वगैरे, ती रोजच्या वापराला बरी, जवळजवळ सगळ्या कोरलना सोसतात. आयोडीनचं डिप, म्हणजे ल्युगॉल किंवा सीकेमचं रीफ डिप, हे किड्यांपेक्षा जखमांसाठी, ताज्या कापलेल्या फ्रॅगला किंवा कातडी सुटायला लागलेल्याला. अमेरिकेत बरेच जण बागेतलं बायरचं कीटकनाशक वापरतात, त्यात इमिडाक्लोप्रिड आणि बीटा-सायफ्लुथ्रिन असतं, आता ते बायोॲडव्हान्स्ड नावाने मिळतं. ॲक्रोपोराच्या किड्यांवर ते काम करतं यात वाद नाही, पण ते कोरलसाठी बनवलेलं नाही आणि त्याचा थोडासा अंश टाकीत गेला तरी कोळंबी आणि खेकडे जातात, त्यामुळे तीन-चार वेळा धुवायची शिस्त असेल तरच त्या वाटेला जा. आणि हे वाचून भारतात कुणी झुरळांचा स्प्रे किंवा शेतीचं औषध घेऊन बसू नका, त्यात कुठलं सॉल्व्हंट आहे कुणास ठाऊक. झोआच्या देठांत ब्रायोप्सिस किंवा केसाळ शेवाळ अडकलं असेल तर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, एक भाग पेरॉक्साइड नऊ भाग टाकीचं पाणी, पाचेक मिनिटं, आधी एका पॉलिपवर करून बघा. झेनिया या मऊ कोरलला यातलं फारसं काहीच सोसत नाही, आणि ॲनिमोनला तर डिप करायचंच नाही.

झाल्यावर दोन्ही डब्यांत एकामागोमाग धुवा. मग डिपचा डबा उजेडात धरून तळाशी काय पडलंय ते बघा, ही मला सगळ्यात आवडती वेळ. उड्या मारणारे ॲम्फिपॉड, बारीक कोपेपॉड, छोटे ब्रिटल स्टार, गुलाबी ब्रिसल वर्म दिसले तर ते बिचारे निरुपद्रवी, उगाच मेले. पारदर्शक पानासारखं लंबगोल काही तरंगत असेल तर फ्लॅटवर्म. फोटो काढून ठेवा, पुढच्या डिपला तुलना करायला उपयोगी पडतो. नवीन स्वच्छ प्लगवर सुपरग्लू जेलने चिकटवा आणि रॅकवर, पहिले काही दिवस कमी उजेडात.

डिपचं पाणी उघड्या गटारात, नाल्यात, समुद्रात ओतू नका. प्लगची आणि शेवाळाची घाण ब्लीचच्या पाण्यात दिवसभर ठेवून मग घट्ट बांधून कचऱ्यात. हे अति वाटेल पण १९८४ मध्ये मोनॅकोच्या समुद्रशास्त्र संग्रहालयाच्या खालच्या समुद्रात कॉलेर्पा टॅक्सिफोलिया या मत्स्यालयातल्या शेवाळाचा छोटासा तुकडा सापडला आणि पुढे ते भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरवर पसरलं. २००० साली तेच कॅलिफोर्नियात कार्ल्सबाडजवळच्या खाजणात दिसलं, तिथे ताडपत्र्या टाकून खाली क्लोरीन सोडून ते मारावं लागलं, पूर्ण गेलं असं जाहीर करायला २००६ उजाडलं. कॅलिफोर्नियाने तर २००१ मध्येच कॉलेर्पाच्या बऱ्याच जाती पाळण्यावर बंदी घातली होती.

आता थांबा

ॲक्रोपोराच्या फ्लॅटवर्मची अंडी फुटायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, पाणी गरम असेल तर लवकर, थंड असेल तर उशिरा. म्हणजे आज केलेलं डिप आजच्या किड्यांसाठी, पुढच्या महिन्यात जन्मणाऱ्यांसाठी परत करावं लागतं. ॲक्रोपोरा आणि मोंटिपोरा दर पाच-सात दिवसांनी, सहा आठवडे. मधे पिल्लं निघतील पण मोठी होऊन अंडी घालायच्या आधी पुढचं डिप येतं, सगळा हिशोब एवढाच आहे. दर वेळी बुंधा भिंगाने बघायचा, अंडी दिसली तर टोकदार सुरीने खरवडायची किंवा त्यावर ग्लूचा थर द्यायचा. एका डिपला जरी किडा पडला तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. झोआंना आठवड्याला एक अशी तीन-चार डिप पुरतात. टॉर्च-हॅमर-ब्रेन वगैरे मांसल कोरलना पहिल्या दिवशी एक, दहा दिवसांनी एक, आणि बाकी नुसतं लक्ष ठेवा, त्यांना किड्यांपेक्षा हाताळण्याचाच त्रास जास्त होतो.

रेड बग निघाले तर त्यावर मिल्बेमायसिन चालतं, कुत्र्यांच्या हार्टवर्मच्या गोळीतलं औषध, व्हेटच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. मोठ्या टँकमध्ये टाकलं तर कोळंबी, खेकडे, कोपेपॉड सगळे जातात. क्वारंटीनमध्ये मात्र यातलं काही नसतंच, म्हणून तिथे सोपं. लाल प्लॅनारिया, ते गंजाच्या रंगाचे बारीक फ्लॅटवर्म जे काचेवर थर करतात, त्यांच्यावर सॅलिफर्टचं फ्लॅटवर्म एक्झिट, पण आधी पाइपने जमतील तेवढे ओढून काढा आणि नंतर कार्बन लावा, मेल्यावर त्यांच्या अंगातून विष सुटतं.

ब्राउन जेली दिसली तर त्या क्षणी तो फ्रॅग वेगळ्या डब्यात. थर पाइपने ओढून काढा, फुंकून उडवू नका, शेजाऱ्यांवर जातो. मग आयोडीनचं डिप, आणि देठ फांद्यांचा असेल तर खराब तोंड कापून टाका, बाकीची वाचू शकतात. हल्ली लोक सिप्रोफ्लॉक्सॅसिन वगैरे अँटिबायोटिक घालतात, फरक पडतो म्हणतात, पण ते पाणी शेवटी नाल्यातच जाणार, मी त्यात पडत नाही. ॲक्रोपोराची कातडी एका रात्रीत सोलून निघते ते किड्यांमुळे नाही, बहुतेक वेळा प्रवासाचा किंवा पाण्यातल्या फरकाचा झटका असतो, तिथे डिपवर डिप करून काही वाचत नाही, निरोगी टोक जरा वरून कापून घ्या आणि बाकी सोडा.

माशांच्या रोगांचं गणित वेगळं आहे. इक आणि वेल्व्हेटला मासा लागतोच, कोरलवर ते जगत नाहीत, पण इकचा सिस्ट प्लगवर किंवा शंखावर कित्येक आठवडे पडून राहू शकतो, प्रयोगात ७२ दिवसांनंतरही त्यातून पिल्लं निघालेली आहेत. म्हणून माशांशिवाय ७६ दिवस हा आकडा लोकांच्या तोंडी आहे, आता बरेच जण पाणी २७ अंशांवर ठेवून ४५ दिवस पुरतात म्हणतात. तुमच्याकडे टँग किंवा महागडे एंजल मासे असतील तर मोठा आकडा धरा, दोन क्लाउन असतील तर सहा आठवडे चालतील. आणि मोजणी शेवटची वस्तू टाकीत गेली त्या दिवसापासून, मधे मोह होऊन अजून एक फ्रॅग आणून टाकलात की घड्याळ शून्यावर. गोगलगाय, हर्मिट क्रॅब, मॅक्रोअल्गी यांनाही हेच लागू, त्यांना डिप करता येत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी फक्त वाट बघणं.

दुसऱ्या टाकीला जागाच नसेल तर

वन बेडरूममध्ये राहणाऱ्यांना हे सगळं वाचून हसू येत असेल. मग निदान एवढं करा, प्लग फेका, डिप करा, आणि फ्रॅग मोठ्या टँकमध्ये दगडाला चिकटवू नका. वाळूवर रॅकमध्ये ठेवा म्हणजे दर आठवड्याला उचलून परत डिप करता येईल, फ्लॅटवर्म असले तरी बाकीच्या ॲक्रोपोरापासून अंतर राहील. सिक्स लाइन रास किंवा यलो कोरिस रास हे मासे असतील तर ते बारीक किडे टिपतात, पेपरमिंट श्रिंप आणि बर्गिया (हाही एक न्यूडिब्रँक, पण उपयोगी) एप्टेझिया खातात, एमराल्ड क्रॅब बबल अल्गी खातो, मदत म्हणून ठीक. पण रास अंडी खात नाही आणि इकचं तर कुणीच काही करू शकत नाही, म्हणजे माशांच्या बाबतीत ही जोखीम आहे आणि ती तुम्ही जाणूनबुजून घेताय. मला विचाराल तर एवढ्याशा घरात ॲक्रोपोरा न ठेवता मशरूम आणि लेदर ठेवावेत, निम्म्या भानगडी मुळातच येत नाहीत.

सहा आठवडे झाले, शेवटच्या दोन-तीन डिपना काही पडलं नाही, कोरल फुललंय आणि नवीन प्लगवर पसरायला लागलंय, मग हलवा. क्वारंटीनचा प्लग मोठ्या टँकमध्ये जाऊ देऊ नका, परत नवीन प्लग किंवा सरळ दगडावर. एक शेवटचं डिप, दोनदा धुणं. आधी तळाशी, आठवड्याभरात हळूहळू वर. आणि क्वारंटीन टाकी रिकामी झाली की ती लगेच पुढच्या फ्रॅगसाठी वापरू नका, ब्लीच टाकून फिरवा, धुवा, दोन-तीन दिवस कडकडीत वाळू द्या. स्पंज मात्र फेकून द्या आणि दुसरा सम्पमध्ये मुरायला टाकून ठेवा.